भंगारातला हुक्का

आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती माझ्या घरात असावी की नसावी, यावर आमच्या घरी अद्याप एकमत झालेले नाही. ती वस्तू म्हणजे एक जुना हुक्का. हुक्का म्हणण्यापेक्षा हुक्क्याचे बूड म्हणणे अधिक बरोबर होईल. ज्यात पाणी भरतात ते पात्र तेवढे शिल्लक आहे. वरची चिलीम, मधली नळी, तोंडाशी धरावयाची मुखनळी, हे सारे केव्हाच नाहीसे झाले आहे. मी स्वतः शाळामास्तर. विडी, सिगारेट, तपकीर यांपैकी कशालाही मी शिवत नाही. माझे वडील वसईकडचे बागायतदार. आयुष्यभर विड्या ओढल्या आणि घशाच्या कर्करोगाने साठीच्या आतच गेले. अखेरचे तीन महिने ते पाटीवर लिहून बोलत. अशा बापाच्या मुलाने तंबाखू ओढण्याचे साधन कौतुकाने घरी आणावे, हे माझ्या पत्नीस रुचले नाही, तर त्यात तिचे काय चुकले?

ते साधन हाती आले तेही चुकूनच. दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या शाळेच्या जुन्या घंटेचा लोलक तुटून पडला. तसा दुसरा मिळतो का हे पाहावे म्हणून मी उज्जैनच्या जुन्या बाजारात, गोपाळ मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांतून हिंडत होतो. एका मोडीच्या दुकानात फुटक्या पराती, गंजलेली कुलुपे आणि पंख्यांची पाती यांच्या ढिगात मला घंटेच्या घाटाचे काही तरी दिसले. खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले, काळेकुट्ट. लोलक नाही तर नाही, घंटाच मिळाली, अशा समजुतीने मी ते उचलले. सुमारे सात इंच उंची, पण वजन असे की मनगट वाकले. खालून पाहतो तो तळ बंद! घंटेला तळ कोठून असणार?

दुकानदार म्हणाला, "माटसाब, घंटा नाही ती. महादजी महाराजांचा हुक्का आहे."

"महादजी महाराजांचा? मग तो मोडीत कसा विकता?"

"महाराजांचे नाव फुकट घ्या. पैसे धातूच्या वजनाचे द्या."

या उत्तरावर वाद घालणे अशक्य होते. वजन करून पैसे दिले, वर्तमानपत्रात गुंडाळून तो घरी आणला आणि घरी येताच जी चूक कोणीही करील ती मी केली. वस्तू काळी आहे म्हणजे ती मळलेली आहे, असे मी धरून चाललो. न्हाणीघरात बसून चिंच आणि राख घेतली आणि तांब्याचा हंडा घासावा तसा घासू लागलो. पाच मिनिटांत तळहाताएवढा भाग करड्या रंगाचा, निस्तेज, फिकट असा होऊन बसला. त्या भागात रुपेरी रेषांची वेलबुट्टी होती. ती भोवतालच्या करड्या रंगात जवळजवळ दिसेनाशी झाली. तेव्हा कोठे माझे लक्ष उरलेल्या भागाकडे गेले. तेथे काळ्या भुईवर पांढरी फुले चांदण्यासारखी स्वच्छ उमटून दिसत होती. काळेपणा हा मळ नव्हता. तो कारागिराने मुद्दाम आणलेला रंग होता आणि मी तो चिंचेने धुऊन काढला होता.

ही बिदरीची कारागिरी. बीदर हे गाव आज कर्नाटकात आहे. १९५६ पर्यंत तो भाग हैदराबाद राज्यात होता आणि तेथे मराठी बोलणाऱ्यांची वस्ती आजही मोठी आहे. या गावावरूनच या कलेस नाव मिळाले. पुढे ती लखनौ, मुर्शिदाबाद, पूर्णिया अशा ठिकाणीही चालू लागली. हिचा धातू मुख्यतः जस्ताचा. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असे प्रमाण सामान्यतः सांगतात. जस्त हा मोठा चकवणारा धातू आहे. ९०७ अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते. खनिजातून तो सुटा करण्यास याहूनही अधिक उष्णता लागते. म्हणजे भट्टीत जस्त तयार होते ते वाफेच्याच रूपाने, आणि हवा लागताच जळून जाते. ही वाफ बंद मुशीतून खाली उतरवून थंड करावयाची युक्ती राजस्थानात उदेपूरजवळच्या जावर येथील लोकांना कित्येक शतके अवगत होती. वांग्याच्या आकाराच्या त्यांच्या मातीच्या मुशी तेथे ढिगांनी सापडल्या आहेत. इंग्लंडात विल्यम चँपियन याने जस्त गाळण्याचे एकस्व घेतले ते १७३८ साली. सांगावयाचे एवढेच की ज्या धातूचा भाव मोडीच्या दुकानात मला सांगण्यात आला, तो धातू मिळवणे हेच एके काळी मोठे कसब होते.

बिदरीचे पात्र घडते कसे, तेही ऐकण्याजोगे आहे. एरंडेल आणि राळ घालून मळलेल्या मातीच्या साच्यात ते ओततात. कानशीने घासून गुळगुळीत करतात. या वेळी ते पांढुरके असते, आणि पांढुरक्यावर नक्षी कोरली तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मोरचुदाचे पाणी चोळून त्याला तात्पुरता काळा रंग देतात. मग टोकदार लोखंडी कलमाने नक्षी कोरून त्या खाचांत चांदी ठोकून बसवतात. तार बसवली की तारकशी, पत्रा कापून बसवला की तेहनिशां. हे झाले म्हणजे पुन्हा सारे घासून काढतात. तो तात्पुरता काळा रंग जातो, आणि पांढुरक्या धातूवर पांढरी चांदी असे, जणू काहीच न केल्यासारखे पात्र हाती येते.

यानंतर शेवटची पायरी. बीदरच्या किल्ल्यातील जुन्या इमारतींच्या आतली, जिला वर्षानुवर्षे ऊन-पाऊस लागलेला नाही अशी माती आणतात. तिच्यात सोऱ्यासारखे क्षार असतात. जाणते कारागीर ती चक्क जिभेला लावून पारखतात. नवसागराबरोबर ही माती पाण्यात उकळून तीत ते पात्र घातले, की पाहता पाहता जस्ताचे अंग काळेभोर होते आणि चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. वर तेलाचा हात फिरवला की काळेपणा अधिकच खुलतो. त्या मातीने जे चढवले होते ते माझ्या चिंचेने उतरवले. चिंचेच्या आंबटात जस्ताचा काळा थर टिकत नाही, हे आठवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या मनुष्यास तरी ठाऊक असावयास हवे होते!

माझ्या एका स्नेह्याने सुचवले की मोरचुदाचे पाणी लावून डाग पुन्हा काळा करून टाका, कोणाला कळणार नाही. उपाय चुकीचा नव्हता. काळे झालेही असते. पण तो काळेपणा निराळा, कच्चा, आणि हेतू झाकण्याचा. शिवाय एका वस्तुसंग्रहालयातील जाणकारांना विचारले तेव्हा त्यांनी एकच सल्ला दिला: आता हात लावू नका. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसावी, पात्रात पाणी भरू नये, ओलसर भिंतीपाशी ठेवू नये, कारण ओल लागली की जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि ती आतून खात जाते. भांडी उजळण्याच्या बाजारी पुडी-बाटल्या तर त्याच्या आसपासही येऊ देऊ नयेत. आणि ते हातातून पडू देऊ नये. जस्त ठिसूळ असते. तांब्यापितळेसारखी त्याला पोच येत नाही, ते तडकते.

आता महादजींचे काय? उज्जैन हे शिंद्यांचे जुने ठाणे. दौलतरावांनी १८१० साली आपली राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तोवर ही नगरी त्यांच्या वैभवाची साक्षी होती. दौलतगंजाचे नाव अद्याप त्यांची आठवण देते. अशा गावात प्रत्येक जुन्या तलवारीला आणि पानदानाला कोणी तरी सरदार चिकटलेला असतो. मीही आठवडाभर त्या मोहात होतो, हे कबूल करतो. वस्तू काय सांगते, हे आधी पाहिले पाहिजे. बिदरी हुक्क्यांचा जुना घाट चेंडूसारखा गोल असे. असा हुक्का ठेवण्यास खाली कडे लागे. घंटेच्या घाटाचे, सपाट तळाचे हुक्के आले ते अठराव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि एकोणिसाव्या शतकातही ते होत राहिले. म्हणजे माझा हुक्का महादजींच्या काळचा असू शकतो. ते १७९४ साली पुण्याजवळ वानवडीस वारले. पण तो त्यांच्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी घडलेलाही असू शकतो. दुकानदाराने आणखी एक पुरावा पुढे केला होता. "फुले पाहा, माटसाब. अफूची फुले. म्हणजे माळव्यातच घडला!" फुले अफूचीच आहेत, यात वाद नाही, मंदसौर, नीमच, रतलाम या बाजूला सरकारी परवान्याने आजही अफूची शेती होते आणि ती फुले मी शेतांत पाहिली आहेत. पण कमानीखाली उभे अफूचे झाड ही नक्षी सतराव्या शतकापासून मोगलांच्या आणि दक्षिणेतल्या कारागिरांच्या हातात इतकी रुळलेली होती, की तिच्यावरून गाव ठरवणे म्हणजे पातळावरच्या कोयरीवरून आंब्याचे झाड शोधण्यासारखे आहे.

मोठ्या नावाच्या मोहाने भलेभले फसले आहेत. १८४२ साली इंग्रजांचे सैन्य गझनीहून परतले तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने महमूदाच्या कबरीवरचे दरवाजे काढून आणवले आणि हेच सोमनाथाचे चंदनी दरवाजे, आठशे वर्षांच्या अपमानाचा बदला आम्ही घेतला, असा जाहीरनामा काढला. पुढे लाकूड तपासले तो ते चंदन नव्हे, देवदार! दरवाजे सोमनाथास गेले नाहीत. ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. आमच्या उज्जैनच्या गोपाळ मंदिरातील रुपेरी दरवाजांविषयीही सोमनाथाची कथा सांगतात. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिला मी हात घालत नाही. पण माझ्या हुक्क्याला मात्र मी महादजींच्या पदरातून मुक्त केले आहे.

आपल्या पुण्याच्या दिनकर केळकरांनी या बाबतीत मोठाच धडा घालून दिला. त्यांनी जुन्या वाड्यांतून, खेड्यांतून अडकित्ते, दिवे, दौती, दाराच्या चौकटी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू हजारोंनी जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. तेथले अडकित्ते मी दोनदा पाहिले. ते कोणाच्या हातातले होते, असा प्रश्न तेथे मनात येत नाही. ते कसे केले आहेत, हेच पाहत राहावेसे वाटते.

हुक्का हा शब्दही असाच विनम्र आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ लहान डबी किंवा पात्र एवढाच. गरिबाचा हुक्का नारळाच्या करवंटीचा असे. नारळाला फारसीत नारगील म्हणतात. आपल्या नारिकेलाचेच ते रूप. तुर्कस्तानात आजही हुक्क्याला नार्गिले म्हणतात. वस्तू, तिचे नाव आणि तिचे व्यसन यांनी मिळून केवढा प्रवास केला पाहा! कारण तंबाखू स्वतः आपला नव्हे. तो अमेरिकेतला. पोर्तुगिजांच्या गलबतांतून तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि तेथून दक्षिणेत पसरला. अकबराने विजापूरला पाठवलेला असदबेग नावाचा सरदार १६०४-०५ च्या सुमारास परत आला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि एक जडावाची नळी ठेवली. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. बादशहाने विचारले, हे काय? जवळ उभ्या असलेल्या खान-इ-आझमने सांगितले की मक्का-मदिनेकडे हे औषध म्हणून प्रसिद्ध आहे. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. एवढ्यात दरबारचे हकीम पुढे आले आणि त्यांनी त्याला अडवले: आमच्या कोणत्याही ग्रंथात या वनस्पतीचे वर्णन नाही, जिचे गुण ठाऊक नाहीत ती आपणांस कशी देऊ? अकबराला ती सवय लागली नाही. दरबाऱ्यांना मात्र लागली आणि पाठोपाठ व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली.

त्या हकिमाला मी मनोमन नमस्कार करतो. त्याच सुमारास, १६०४ मध्ये, इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली. जहांगिराने १६१७ साली बंदी घातली. १६४२ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू घेणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा फर्मावली. बादशहा, राजा आणि पोप तिघेही हरले. बीदरचा कारागीर मात्र त्यानंतर दोनशे वर्षे हुक्के घडवत राहिला.

हुक्क्याविषयी एक समजूत अजूनही टिकून आहे, आणि माझ्या वर्गातल्या मुलांतही ती निघाली: धूर पाण्यातून येतो, म्हणून तो धुऊन निघतो. मी त्यांच्यासमोर एक प्रयोग केला. काचेचा चंबू घेतला, अर्धा पाण्याने भरला, दोन भोकांचे बूच लावले. एक लांब काचनळी पाण्यात बुडालेली, दुसरी आखूड, पाण्याच्या वर संपणारी. हाच हुक्का. आखूड नळीतून हवा ओढली, की चंबूतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा लांब नळीतून पाण्यात शिरून बुडबुड्यांनी वर येते. त्याची ती गुडगुड, म्हणून आपण त्याला गुडगुडी म्हणतो. लांब नळीच्या तोंडाशी तंबाखूऐवजी उदबत्ती धरली आणि आखूड नळीवर रबरी फुगा बसवून धूर ओढला. पाण्यातून वर आलेला धूर तसाच दाट पांढरा होता. नळीच्या तोंडी ठेवलेला कापूस पिवळा पडला. एका मुलाने विचारले, "सर, मग पाणी कशाला?"

पाणी मुख्यतः धूर थंड करते. कढत धूर घशाला चटका देतो आणि मनुष्य थांबतो. थंड धुराला घसा हरकत घेत नाही. वर गुळाची काकवी घालून मळलेला गुडाखू असला की चवही गोड. म्हणून मनुष्य दीर्घ झुरके घेत तासभर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सांगितले की तासाभराच्या हुक्क्यात एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट आकारमानाचा धूर आत जातो. वर कोळशाचा विषारी वायू निराळा. त्या मुलाने प्रश्न विचारला आणि मला वडिलांची पाटी आठवली. तो तास मी लवकर सोडला.

मध्यंतरी एका गृहस्थाने हा हुक्का परदेशी गिऱ्हाइकाला चांगल्या किमतीस देतो, असे सांगितले. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणे १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना सांगावे लागले. कोणाच्या घरी असे काही असेल तर त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

पत्नीचे म्हणणे पहिल्या दिवशी एकच होते. "अहो, बाबांच्या फोटोखाली हे ठेवणार आहात?" मी त्या वेळी उत्तर दिले नाही. वडिलांना ज्याने नेले ती वस्तू आणि जिच्यावर कोणा अनाम कारागिराने महिनेन् महिने डोळे ताणले ती वस्तू, एकच कशी असू शकते, हे मलाही समजावून सांगता येत नव्हते. अजूनही नीटसे येत नाही. शेवटी असे ठरले, की तो बैठकीत दिसू नये. आतल्या खोलीत पुस्तकांच्या काचेच्या कपाटात, शब्दकोशांशेजारी राहावा. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या ती आता जमवून ठेवते आणि पावसाळ्यात त्याच्या भोवती मांडते. मी काही सुचवले नव्हते.

एका बाबतीत मात्र अजून मतभेद आहे. चिंचेने गेलेला तो तळहाताएवढा डाग मी दर्शनी बाजूस ठेवतो. धूळ पुसताना ती तो भिंतीकडे फिरवून ठेवते. शाळेतून आल्यावर मी पुन्हा वळवतो.